कोरी पाठ

फाल्गुन अजून सरला नव्हता, तरी अहमदपुरात पहाटेचा वारासुद्धा चुलीपुढून आल्यासारखा अंगावर यायचा. आभाळ धुळीनं मळकट झालेलं. ढग म्हणावं असं त्यात गेल्या श्रावणापासून काही फिरकलं नव्हतं. मडिवाळप्पा वस्ताद तालमीच्या हौदात उघड्या अंगानं उभा होता आणि माती फोडत होता. चांगल्या सालात ह्या लाल मातीत ताक, तेल, हळद जिरायची, फावडं लावलं की माती आपसूक उलटायची. यंदा माणसांनाच ताक नव्हतं, तर मातीला कुठलं? पातं ठण्ण वाजून मागं यायचं, मनगटं झिणझिणायची, आणि वस्ताद त्या ढेकळाच्या आई-बहिणीचा उद्धार करून पुन्हा घाव घालायचा.

दारात त्याची बायको दानम्मा येऊन उभी राहिली. हातात रिकामी घागर.

"रांजणातलं पाणी कुठं गेलं?"

"मातीला घातलं."

"आन् मी पीठ कशात मळू? मातीत?"

"आगं, दगड झालाय हौदाचा. पोरगं पडलं तर हाड मोडंल."

"कोण पडतंय?" दानम्मानं घागर कमरेवर घेतली. "तुमचं पोरगं तर पडतच न्हाई म्हणताव. पडतंय ते भोकरचं. त्याच्या हाडाची फिकीर कवापासून लागली तुम्हाला?"

वस्तादानं फावडं उचललं.

दानम्मा बोलली त्यात खोटं काही नव्हतं. तालमीचा एक कायदा होता आणि तो सगळ्या पोरांना पाठ होता. विरूपाक्षची, म्हणजे वस्तादाच्या एकुलत्या एक मुलाची, पाठ मातीला लागू द्यायची नाही. त्याच्यासोबत जो कोणी जोडीला उतरेल त्यानं जोर लावायचा, त्याचा घाम काढायचा आणि शेवटी पडायचं. कुणी विसरून डाव उलटवला, की त्याच्या उघड्या अंगावर वस्तादाची चामड्याची वादी उतरायची.

हा कायदा बिलोलीत जन्मला होता. विरूपाक्ष रांगत होता त्या साली. तोवर मडिवाळप्पाची पाठ कुण्या मायच्या लालानं लावलेली नव्हती. जत्रेच्या फडात बोधनकडून आलेल्या एका बुटक्या गड्यानं त्याला पोत्यासारखा उचलला आणि डोक्यावरून टाकला. मडिवाळप्पा उताणा पडला. वर आभाळ, भोवती हसणारी तोंडं. कुणीतरी भुईमुगाची टरफलं त्याच्या छातीवर फेकली. तो उठला, धोतर गुंडाळलं, मोटारीत बसून घरी आला आणि पुन्हा लंगोट म्हणून बांधला नाही. आपल्या आत काहीतरी मोडलं, आणि ते पाठ लागल्यामुळं मोडलं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मग पोराची पाठच लागू द्यायची नाही. लोकांना तो छाती काढून सांगायचा, "पैलवान घडवून घडत न्हाई, बाप्पा. रक्तात असावा लागतो. माझ्या इरूची पाठ बगा, कोरी हाय." आणि लोक खरोखर बघायचे. मोंढ्यातले अडते तालमीत येऊन विरूपाक्षच्या पाठीवरून असा हात फिरवायचे, जसा काही बैल खरेदी करायचाय.

पडायला म्हणून वस्तादानं रामकिशन ठेवला होता. भोकरकडचं पोर. दुष्काळानं बापासोबत इकडं रोजगार हमीवर खडी फोडायला आलेलं. वयानं, वजनानं विरूपाक्षएवढंच. भोकर नांदेड जिल्ह्यात, अहमदपूर लातुरात. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं, आणि औंदा जिल्ह्याच्या कुस्तीसंघात जायचं तर पोरगं जिल्ह्यातलंच पाहिजे होतं. रामकिशन विरूपाक्षच्या आडवा कधीच येणार नव्हता. वस्तादानं त्याला एक वेळची भाकर आणि चिमूटभर शेंगदाणे देऊन ठेवून घेतला तो ह्याच हिशेबानं. दिवसभर खडी फोडायची, सकाळी आपटून घ्यायचं.

पोरगं मुकाट आपटून घ्यायचं. फक्त प्रत्येक वेळी उठलं की मातीनं भरलेल्या पापण्या मिचकावत विचारायचं, "ही टांग कुठून लावली, वस्ताद? उजवीकडून का डावीकडून?"

"तुला काय करायचंय लेका? तू पड."

सगळी पोरं हसायची.

त्या सकाळी जोर-बैठका झाल्या आणि जोडी लागली. विरूपाक्षनं ढाक मारली, रामकिशन आपटला. माती इतकी कडक की त्याच्या खांद्याची साल निघाली. पुन्हा मारली, पुन्हा आपटला. तिसऱ्या वेळी विरूपाक्षनं गंमत म्हणून त्याच्या सोललेल्या खांद्यात कोपर रुतवलं आणि दाबलं. रामकिशनच्या तोंडून गुरागत आवाज निघाला. पुढचं इतकं झटक्यात झालं की कुणाला नीट दिसलंही नाही. रामकिशन खाली घुसला, विरूपाक्षचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले आणि तो आडवा त्याच्या खांद्यावर आला. एक हिसका, की कोरी पाठ मातीत.

रामकिशननं हिसका दिला नाही. तो तसाच उभा राहिला, मग गुडघे वाकवून विरूपाक्षला त्याच्या पायांवर उतरवलं. नाजूक, पाण्यानं भरलेली घागर उतरवावी तसं.

वस्तादानं ते पाहिलं. ज्याला उचलता येतं आणि उचलून अलगद ठेवता येतं, त्याच्या अंगात काय आहे हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? पण हात आधी वादीकडं गेला. त्यानं रामकिशनला खांबाशी उभं करून मारलं. पाठीवर, पोटऱ्यांवर, सोललेल्या खांद्यावर. वादीच्या टोकाला रक्त आलं. पोरगं खांब धरून उभं होतं, रडलं नाही.

"उचललास कामून?"

"कोपर लागलं, वस्ताद. ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

"ध्यानात ठिव."

विरूपाक्ष बाजूला हसत उभा होता, पण त्याचा रंग उडाला होता. हसू तोंडावर चिकटवल्यासारखं दिसत होतं.

आठवड्यानं लातूरला निवड होती. शाळेच्या मैदानात मंडप, खाली गादी, भोवती हजारभर माणूस. रामकिशन पिशव्या धरायला. विरूपाक्षची पहिली जोड औशाच्या एका भेदरलेल्या पोरासोबत लागली. ते आपणहून पडल्यासारखं पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादानं मिशीवरून बोट फिरवलं.

दुसरी जोड उदगीरच्या गुरुलिंगसोबत. काटक, लांब हातांचं पोर, नाक कधीतरी मोडून वाकडं बसलेलं. शिट्टी झाली. विरूपाक्षनं तालमीत रोज चालायची ती ढाक मारली. गुरुलिंग पडला नाही. तालमीत सगळे पडतात, हा कसा पडत नाही, हे विरूपाक्षला कळेना. त्यानं तीच ढाक पुन्हा मारली. जास्त जोरानं, तीच. गुरुलिंगनं तेवढ्यात पट काढला, फिरवला आणि विरूपाक्ष उताणा. पंचानं गादीवर हात मारला.

झालं होतं एवढंच. पण विरूपाक्ष उठला तेव्हा त्याचे डोळे जागेवर नव्हते. पंच गुरुलिंगचा हात वर करत होता, आणि ह्यानं मागून येऊन त्याच्या वाकड्या नाकावर कपाळ हाणलं. कडकन आवाज आला. गुरुलिंग खाली बसला, बोटांतून रक्ताची धार. विरूपाक्ष त्याच्यावर पडला आणि कान दातांत धरला. पंच ओढतोय, उदगीरची माणसं खुर्च्या घेऊन धावली. एक खुर्ची मडिवाळप्पाच्या डोक्यात बसली, त्याच्या एका भुवईची कातडी डोळ्यावर लोंबायला लागली. शेवटी रामकिशननं विरूपाक्षला मागून कवळा घालून बाहेर काढलं. विरूपाक्षनं त्यालाच कोपरानं ठोकून काढलं, ओठ फोडला, पण त्यानं मिठी सोडली नाही. गुरुलिंगच्या कानाचा लचका विरूपाक्षच्या दाढीवर चिकटला होता.

मंडपामागं एक कंपाउंडर भुवईला टाके घालत होता तेव्हा पंचांतला हणमंतराव आला. मडिवाळप्पाच्या तरुणपणचा जोडीदार. बिलोलीला तोही होता.

"पोराला दोन सालं बंदी घातली," तो म्हणाला. "उदगीरवाले पोलिसात गेले न्हाईत, तुझं नशीब. मडिवाळ, एक विचारू? पोराला काय काय शिकवलास?"

"सगळे डाव शिकवले."

"पडायचं शिकवलास?"

टाका कातडीत शिरत होता.

"त्येला वाटलं, मरून गेलं आपण," हणमंतराव म्हणाला. "पडल्यावर उठायचं असतंय हे त्येला कुणी सांगितलंच न्हाई. आरं, आमची तर पोरं न्याहरीच्या आधी पाच-पाच डाव पडतेत आन् भाकर बी जास्त खातेत."

घरी आल्यावर विरूपाक्ष खोलीत शिरला तो बाहेरच येईना. पहिल्या दिवशी आरसा फोडला. दुसऱ्या दिवशी मुद्गलासारखं जड लाकडी करेल घेऊन तालमीच्या मातीच्या भिंतीला ठोकत बसला, भिंतीला भोक पाडलं. तिसऱ्या दिवशी दानम्मा दुधाचा तांब्या घेऊन आत गेली. म्हैस आटत आली होती. तेवढं दूध तिनं दोन वेळचं साठवून आणलं होतं.

"पी रे बाबा. पैलवान हाईस."

त्या शब्दासरशी त्यानं तिला दोन्ही हातांनी ढकललं. दानम्मा चौकटीवर आपटली. डोकं फुटलं, दूध आणि रक्त उंबऱ्यावर एक झालं.

मडिवाळप्पा वादी घेऊन धावला. त्यानं पोराला आजवर बोट लावलं नव्हतं. सगळा मार बाकीच्या पोरांनी खाल्ला होता. पहिला फटका गालावर बसला, दुसरा मानेवर. तिसऱ्याला विरूपाक्षनं वादी हवेतच धरली आणि बापाच्या हातातून हिसकून घेतली. दोघं एकमेकांसमोर धापा टाकत उभे राहिले.

"मार ना अप्पा. थांबलास कामून?" विरूपाक्षचा आवाज फाटला. "आता पाठ लागलीच हाय. आता काय राखायचंय? तूच म्हणायचास, एकदा लागली की संपलं. तू बिलोलीला पडलास, मंग परत उतरलास का? न्हाई उतरलास. मी बी न्हाई उतरत. बाजार समितीत पोती उचलतो."

वस्तादाचा हात रिकामाच हवेत राहिला. कोपऱ्यात दानम्मा डोक्याला पदर दाबून बसली होती.

"खरं बोलला," ती म्हणाली. "मारताव तर आधी स्वतःला मारा."

रात्रभर मडिवाळप्पाच्या भुवईचे टाके ठणकत होते. पोरगं कुस्तीत हरलं ह्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. आणखी वीस वर्षांनी हा पोरगा कुठल्यातरी हौदाच्या काठावर वादी घेऊन उभा असेल, दुसऱ्यांच्या पोरांना मारत असेल, स्वतः आत पाय ठेवणार नाही, हे त्याला दिसत होतं. ते चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून हटेना.

सकाळी त्यानं गळ्यातलं इष्टलिंग दंडाला घट्ट बांधलं. पेटीतला लंगोट बाहेर काढला. इतक्या वर्षांचा घड्यांवर पिवळा पडलेला. तो बांधताना पोट आडवं आलं. हौदात पोरं जोर मारत होती, ती तशीच थबकली. वस्ताद मातीत उतरताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. दारात विरूपाक्ष उभा होता. भिंतीचं भोक बुजवायला म्हणून दानम्मानं त्याला ढकलतच आणलं होतं.

"रामकिशन, ये."

रामकिशन पुढं आला. सुजलेला ओठ, पाठीवर वादीचे काळे वळ. त्यानं वाकून वस्तादाच्या पायाला हात लावला.

"पाय नको धरूस. मला पाड."

"काय म्हणालाव, वस्ताद?"

"बहिरा हाईस का? पाड मला."

पोरगं हसलं, मग त्याला कळलं की ही थट्टा नाही. हात धरला गेला, मानेला मान लागली. वस्तादानं टांग मारली आणि रामकिशन पाठीवर गेला. सरळ, सुरेख, जसा रोज जायचा तसा. मडिवाळप्पा वर उभा राहून खाली पडलेल्या त्या पोराकडं बघत राहिला. आपली टांग बसलीच नव्हती. पाय नुसता घासून गेला होता. पोरगं सवयीनं पडलं होतं. ही सवय त्यानंच मारून मारून लावली होती.

त्यानं रामकिशनच्या बरगडीत लाथ घातली.

"खोटं पडतूस? माझ्याम्होरं?"

"वस्तादाची पाठ कशी लावू जी?"

वस्तादानं त्याला दंडाला धरून उठवलं आणि थोबाडीत दिली. पुन्हा दिली. फुटलेला ओठ पुन्हा उघडला. "भाकरीवर पडणारं कुत्रं हाईस तू," तो म्हणाला. रामकिशन मान खाली घालून उभा. मग मडिवाळप्पानं तेच केलं जे त्याच्या पोरानं केलं होतं. सोललेल्या खांद्यावरची खपली बघून त्यात कोपर घातलं आणि फिरवलं.

रामकिशन ओरडला आणि खाली घुसला. वस्तादाला नुसतं कळलं की पायाखाली काही नाही. तालमीचे पत्रे गर्रकन फिरले. मग पाठ अशी बसली, जशी एखाद्यानं पाटा उचलून छातीवर हाणावा. आत काहीतरी कटकन तुटलं. श्वास गेला तो परत येईना.

तो उताणा पडून राहिला. धूळ खाली बसत होती. कुणी हसत नव्हतं. तो वाट बघत होता, बिलोलीला आलं होतं ते आता येईल म्हणून. पण आली ती फक्त बरगडीची कळ, आणि तीही साधी, हाडाची कळ होती. श्वास तुकड्यातुकड्यानं परत आला. त्यानं तोंडातली माती थुंकली.

"बरगडी गेली," तो म्हणाला.

रामकिशन गुडघ्यावर बसून रडत होता. खांबाशी मार खाताना न रडलेलं पोर. "चुकलो वस्ताद, चुकलो जी."

तेवढ्यात दारातून विरूपाक्ष आला. बाप मातीत उताणा दिसला आणि त्याचं डोकं फिरलं. तो अंगातल्या सदऱ्यानिशी हौदात उडी घेऊन रामकिशनवर तुटून पडला. रामकिशनला विचार करायला सवड मिळाली नाही. हात आपोआप चालले. विरूपाक्ष हवेत गेला आणि दणकन पाठीवर आला. उठला, ओरडत पुन्हा धावला. पुन्हा दणका, कोपर फुटलं. तिसऱ्या वेळी नाकातून रक्त. चौथ्या वेळी तो उठला तो हातात ढेकूळ घेऊनच. मूठभर नव्हे, चांगलं डोकं फोडण्याजोगं.

"टाक ते," मडिवाळप्पा खालूनच म्हणाला. "टाक, इरू. मी पडलो बग. हाय का न्हाई जित्ता?"

विरूपाक्षनं बापाकडं पाहिलं. मातीनं माखलेली मिशी, टाक्यातून पुन्हा पाझरणारं रक्त, सुटलेलं पोट आणि त्याखाली तो पिवळा लंगोट. ढेकूळ त्याच्या हातात बराच वेळ राहिलं. मग खाली पडलं, फुटलं.

"हा मला दर खेपेला उचलतो," तो धापा टाकत म्हणाला. "कसा उचलतो?"

रामकिशननं नाक पुसलं. "तू सगळं वजन टाचंवर देतूस. म्हून पाय हलका होतोय."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

"मंग बोललास कामून न्हाई, भाड्या?"

रामकिशननं एकदा वस्तादाकडं पाहिलं. "मला पडायला ठेवलं होतं," तो म्हणाला. "बोलायला न्हाई."

विरूपाक्षनं फाटलेला सदरा काढून काठावर फेकला. पाठ लाल मातीनं भरली होती, दोन ठिकाणी साल गेली होती. तो वाकला, गुडघे सैल सोडले, आणि टाचा उचलून, चवड्यांवर, अडाण्यासारखा चाचपडत उभा राहिला. रामकिशननं त्याला पुन्हा पाडलं. ह्या खेपेला जरा जास्त वेळ लागला. उठताना विरूपाक्षनं एक सणसणीत शिवी दिली आणि पाय पुन्हा मांडला.

मडिवाळप्पा खांब धरून उभा राहिला. त्यानं काठावरची वादी उचलली, बघितली आणि छातीभोवती घट्ट गुंडाळली, कारण बरगडीला बांधायला हाताशी तीच आली. भिंतीला धरून तो अंगणात आला. दानम्मा गोठ्यापाशी बसली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. तिनं त्याला खालून वर बघितलं. लंगोट, माती, रक्त.

"पडलाव व्हय?"

"हाव."

"कुणी पाडलं?"

"भोकरच्या पोरानं."

"बरं झालं." ती उठली. "आज चार भाकरी त्याला घालते. तुमच्यातल्या. म्हैस सकाळपासून वरडून ऱ्हायली, कडबा तोडा तिला."

आतून दणका ऐकू आला. माणूस मातीवर पडल्याचा. पाठोपाठ विरूपाक्षची शिवी. दानम्मानं कान टवकारले, पण मडिवाळप्पा वळला नाही. त्यानं कडब्याची पेंडी ओढली. एका हातानं बरगडी दाबली, दुसऱ्या हातात कुऱ्हाड घेतली आणि ओंडक्यावर पेंडी आडवी धरायला पाय दिला. कडबा वाळून काड्या झाला होता. घाव पडला की तुकडे इकडंतिकडं उडत होते. म्हैस दावं ताणून तोंड पुढं करत होती.

"दम धर की," तो तिला म्हणाला, आणि पुढचा घाव घातला.